कोल्ह्याची द्राक्षं

जानेवारीतली सकाळ. दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या बागेत पानांवरचं दहिवर अजून वाळलं नव्हतं. तोडणीच्या बाया डोक्याला स्कार्फ गुंडाळून ओळींमध्ये शिरल्या होत्या आणि क्रेट भरत होते. मामांनी एका घडातला मणी काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"खाऊन बघ."

खाल्ला. एक डोळा आपोआप मिटला, दात आंबले.

"मामा, हा माल आज तोडायचा?"

"आजच. चार दिवस थांबलो तर गोड झाला म्हणून वायनरीवाले नाक मुरडतील."

चाळीस वर्षं द्राक्ष पिकवलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला हसू आलं, आणि ते त्यांनाही आलं. कारण नाशिकच्या द्राक्षबागेची सगळी भाषाच गोडीची आहे. एप्रिलमध्ये होते ती खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरात होते ती गोडी छाटणी. नावातच सगळं आलं. त्यानंतरची विरळणी, औषधांचे फवारे, भुरी आणि डावणी या रोगांची धास्ती, अवकाळीच्या ढगांकडे लागलेले डोळे, हे सगळं मण्यात साखर भरावी म्हणून. ती साखर मोजायचं माप म्हणजे ब्रिक्स. हा शब्द आमच्याकडे इतका घरगुती झालाय की एका अबोल, कोरड्या पाहुण्याबद्दल मामींनी "माणूस बरा आहे, ब्रिक्स कमी आहे," असा निकाल दिला होता.

मामांच्या पाच एकरांत चार एकर थॉम्पसन, म्हणजे खायची द्राक्षं. उरलेल्या एकरात करारावर लावलेलं शेनँ ब्लां, ज्याला बागेत सगळे शेनिन म्हणतात. साध्या वाइनसाठी हे द्राक्ष बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. पण ज्या वाइनमध्ये बुडबुडे असायला हवेत त्या स्पार्कलिंगसाठी ते सतरा ते एकोणीसच्या आसपासच उतरवावं लागतं. थॉम्पसन अठरा ब्रिक्सला चांगलं गोड लागतं. शेनिन त्याच अठराला दात आंबवतं, कारण त्याच्या पोटात आम्ल भरपूर असतं आणि ते सहजी जात नाही. वायनरीला हवं असतं ते नेमकं हेच आम्ल.

कोवळेपणाची कदर आपल्याला नाही असं नाही. ज्वारी पिकून कडक व्हायच्या आधी तिचा हुरडा होतो आणि त्यासाठी लोक शेतावर मुक्कामाला जातात. कैरी ही आंब्याची अपूर्ण अवस्था आहे असं कोणी म्हणत नाही. द्राक्षाच्या बाबतीत मात्र आपण एका म्हणीत अडकून पडलो. उंचावरचा घड मिळाला नाही म्हणून कोल्ह्यानं द्राक्षांना आंबट म्हटलं, आणि आपण त्या बिचाऱ्याला पिढ्यान् पिढ्या हसत आलो. तो मणी जिभेवर घोळवताना मला प्रथमच कोल्ह्याची बाजू पटायला लागली. तो कदाचित खोटारडा नसेल. स्पार्कलिंगच्या हंगामात आला असेल.

ही बुडबुड्यांची वाइन ज्या प्रांताच्या नावानं जग ओळखतं, त्या शॅम्पेनला आंबटपणा शोधत हिंडावं लागलं नव्हतं. तो त्यांच्या नशिबीच लिहिलेला होता. पॅरिसच्या ईशान्येला, एकोणपन्नासाव्या अक्षांशावरचा हा मुलूख. द्राक्षवेलीनं जगावं तर कसंबसं, अशी तिथली हवा. दक्षिणेकडच्या बर्गंडीची तांबडी वाइन राजाच्या मेजावर मान मिळवायची आणि शॅम्पेनवाल्यांची द्राक्षं पुरती पिकायच्या आत थंडी यायची. रस आंबायला लागायचा, तोच पिंपातलं यीस्ट गारठून झोपी जायचं. वसंतात ऊब आली की ते जागं व्हायचं आणि उरलेली साखर खायला लागायचं. साखरेतून निघणारा वायू पिंपातून निसटून जाई, पण वाइन बाटलीत बंद केलेली असली तर त्याला वाट मिळत नसे. फेस यायचा, बूच उडायचं, बाटली फुटायची. तिथल्या लोकांच्या लेखी हा माल बिघडल्याचा पुरावा होता.

ही फेसाळ वाइन दों पेरिन्यों या बेनेडिक्टाइन साधूनं शोधली, ही दंतकथा इथेच मोडीत निघते. १६६८ ते १७१५, म्हणजे मरेपर्यंत, तो ओव्हिलेरच्या मठाचा कोठारप्रमुख होता. 'मी तारे पितोय' हा उद्गार त्याच्या तोंडी घातला तो फार नंतर, जाहिरातींच्या जमान्यात. त्याची खरी हयात हे बुडबुडे होऊ नयेत म्हणून झटण्यात गेली. त्याचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं कोणत्या प्रमाणात एकत्र करायची याची त्याला जाण होती. वेल कडक छाटून थोडं पण नेटकं पीक घ्यावं असा त्याचा आग्रह होता. काळ्या द्राक्षांतून पांढरा रस काढायचा तर सालीला न दुखवता, हलक्या हातानं दाबायला हवं हे त्यानं जाणलं होतं. मला हा माणूस दंतकथेपेक्षा जास्त आवडतो. तो आमच्या बागायतदारांच्या जातकुळीचा आहे: छाटणीवर भांडणारा.

बुडबुड्याची आवड लागली ती इंग्रजांना. फ्रान्समधून पिंपं यायची, इंग्रज ती बाटल्यांत भरायचे. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवायचं म्हणून त्यांच्या काचभट्ट्या दगडी कोळशावर गेल्या होत्या आणि त्या जास्त उष्णतेत काच जाड, टणक निघत होती. क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं १६६२ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वाइन फसफसती करण्यासाठी साखर आणि काकवी घालण्याची चाल नोंदवली आहे. तेव्हा पेरिन्यों ओव्हिलेरला पोचलाही नव्हता. १७२८ मध्ये पंधराव्या लुईनं शॅम्पेनची वाइन बाटल्यांतून नेण्याची मुभा दिली, पुढच्याच वर्षी रुइनारची पेढी सुरू झाली, १७४३ मध्ये मोएतची. बिघडलेल्या मालाचा धंदा झाला.

पण धंदा धोक्याचा होता. किती साखर घातली की किती दाब तयार होतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारची फुटे. तळघरात काम करणारे लोक चेहऱ्यावर लोखंडी मुखवटे चढवून उतरत. १८३६ साली शालों गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्यानं वाइनमधली साखर मोजून दाबाचा हिशेब बसवण्याची रीत दाखवली आणि मग कुठे हा खेळ आटोक्यात आला. आजचं गणित सोपं आहे. दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरमागे साधारण चोवीस ग्रॅम साखर घातली की बाटलीत सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. १८४४ मध्ये जाकसोंनं बुचावर तारेची जाळी आणि पत्र्याची टोपी बसवण्याचं पेटंट घेतलं. तोवर बुचं सुतळीनं बांधत.

आता थोडं विधवेबद्दल.

१८०५ साली राँस शहरात बार्ब-निकोल क्लिकोचा नवरा वारला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावे व्यवहार करता येत नव्हता. विधवेला मात्र येत होता. तिनं सासऱ्याला राजी करून पेढी चालवायला घेतली. त्याच वर्षी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि सत्तावीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला काय यायचं ते मी सांगायला नको. तिकडे 'व्हव्ह', म्हणजे विधवा, हा शब्द बाटलीवर छापला गेला आणि पुढे भरवशाची खूण झाला. पिवळ्या लेबलवर तो आजही ठळक आहे. आपल्याकडे जो शब्द दारातून आत येऊ नये म्हणून लोक वाट बदलत, तो तिथं लग्नाच्या मेजावर मधोमध उभा असतो, हे मला दर वेळी गंमतीचं वाटतं. गंमतीचं म्हणजे थोडं चटका लावणारंही.

पण तिचं खरं देणं नाव नव्हे. बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीनंतर मेलेल्या यीस्टचा गाळ उरतो आणि वाइन गढूळ दिसते. गाळ काढायला बाटली उघडली तर वायू जातो. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात, आंत्वान म्युलर या तळघरप्रमुखाच्या मदतीनं, भोकं पाडलेलं एक मेज तयार झालं. बाटल्या मानेनं त्यात खोचायच्या, रोज थोडं फिरवायचं, थोडं कलतं करायचं. काही आठवड्यांत सगळा गाळ सरकत मानेत येऊन बसतो. मग बूच काढलं की दाबानं गाळाची गुठळी बाहेर फेकली जाते. पुढे मान गारठवून गाळासकट बर्फाचा खडा उडवण्याची युक्ती निघाली. रिकाम्या झालेल्या जागेत वाइन आणि साखरेचा छोटा डोस घालून कायमचं बूच बसतं. स्पेनमध्ये १९७०च्या दशकात बाटल्या फिरवायची यंत्रं वापरात आली. पाळण्यासारखा पिंजरा शेकडो बाटल्या एकदम झुलवतो. नाशिकच्या वायनरीतही तो पाहायला मिळतो. रीत मात्र त्या विधवेची.

आणि गोडी? तेव्हाची शॅम्पेन विलक्षण गोड होती. २०१० मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात एकोणिसाव्या शतकातल्या १६८ बाटल्या सापडल्या. त्यांत लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर निघाली, म्हणजे आजच्या कोल्ड्रिंकहून जास्त. कोरडी, बिनगोडीची शॅम्पेन बाजारात जमली ती १८७४ च्या पोमेरी ब्रूटनंतर, इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेसाठी. तीही लुईज पोमेरी या दुसऱ्या एका विधवेची करामत. ब्रूट म्हणजे लिटरला बारा ग्रॅमच्या आत साखर. गोडीचं पांघरूण निघालं की आतला आंबटपणा उघडा पडतो, म्हणून तो आधीच देखणा असावा लागतो.

आपल्याकडे ही विद्या आली ती प्रथम नाशिकला नव्हे, नाशिकच्या रस्त्यावर. पुण्याहून नाशिकला येताना नारायणगाव लागतं. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाची पंढरी; विठाबाई नारायणगावकरांचं गाव. इथं १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या शॅम्पेनच्या जुन्या पेढीचं तांत्रिक साहाय्य घेऊन सह्याद्रीच्या पायथ्याशी स्पार्कलिंग वाइन बनवली. देशात ती मार्कीझ द पोंपादूर या नावानं विकली गेली, परदेशात उमर खय्याम या नावानं. पंधराव्या लुईची सखी पोंपादूर आणि विठाबाईंचं गाव ही जोडी कोणी ठरवून जमवली नसेल, पण जमली फक्कड.

दुसरं नाव मला अधिक अर्थपूर्ण वाटतं. इंग्रजांच्या मेजावर या फारसी कवीचं नाव फिट्झजेराल्डच्या भाषांतरामुळे ओळखीचं होतं, पण मराठी वाचकाला त्यासाठी लंडनला जायची गरज नव्हती. माधव जूलियनांनी फारसी शिकून खय्यामच्या रुबाया थेट मुळातून मराठीत आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून जे भाषांतर केलं त्याला नाव दिलं 'द्राक्षकन्या'. वेलीची लेक हा वाइनसाठीचा फारसी संकेत. नारायणगावच्या त्या बाटलीला हे मराठी नाव मिळालं असतं तर! कंपनीच्या स्वतःच्या नावात तेव्हा शॅम्पेन हा शब्द होता. पुढे तो गळला, आणि २०१०च्या आसपास कर्जाच्या ओझ्याखाली कंपनीही गेली. भारतीय स्पार्कलिंगचा इतिहास लिहिताना लोक हल्ली हे पान चटकन उलटतात, ते मला पटत नाही. दख्खनच्या उन्हात बाटलीतली दुसरी आंबवण जमू शकते, हे दाखवून दिलं ते नारायणगावनं.

शब्द गळण्यालाही कारण आहे. शॅम्पेन हे नाव आज कायद्यानं त्या प्रांताचंच आहे, आणि भारतातही त्याला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. १९९४ पासून युरोपात 'शॅम्पेनच्या रीतीनं' असं लिहायलाही इतरांना बंदी आहे, म्हणून बाटल्यांवर 'पारंपरिक रीत' असं येतं. पैठणी येवल्याची, हे सांगताना आपला जीव जितका वर येतो तितकाच त्यांचाही येत असणार. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावालाही निर्देशांक आहे, पण तो कोणाच्या ओठांवर नाही.

नाशिक या गोष्टीत उतरलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. ओझरला १९२५ च्या सुमारास लावलेल्या वेलींपासून इथल्या द्राक्षशेतीची कथा सुरू होते असं सांगतात. पण ती खायच्या द्राक्षांची. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून परतलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर शेनँ ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां लावलं, कॅलिफोर्नियाचा केरी डॅम्स्की सल्लागार म्हणून आला, आणि आईच्या, सुलभाबाईंच्या, नावावरून सुला उभी राहिली. मिशीवाल्या सूर्याची ती खूण आता नाशिकच्या पाट्यांवर रामकुंडाइतकीच सवयीची झालीय. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. सुलाची ब्रूट आली, गंगापूरजवळच्या यॉर्कनं आपली स्पार्कलिंग काढली, सांजेगावकडच्या ग्रोव्हर झाम्पानंही. ग्रोव्हरांचा धागाही शॅम्पेनशी जोडलेला. बंगळुरूजवळ कंवल ग्रोव्हरांनी सुरुवात केली ती बूझी गावच्या जॉर्ज व्हेसेल यांना हाताशी धरून. आणि २०१३ मध्ये खुद्द मोएतच्या घरानं दिंडोरीच्या द्राक्षांची शांदों बाजारात आणली. अर्जेंटिनात १९५९ साली, मग कॅलिफोर्निया, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा पायऱ्या चढत हे कुटुंब आमच्या तालुक्यात पोचलं. फ्रान्समध्ये ज्याला ते शॅम्पेन म्हणतात त्याला दिंडोरीत म्हणत नाहीत, इतके ते शिस्तीचे.

इथल्या कारागिरांपुढचा पेच शॅम्पेनच्या बरोबर उलटा होता. तिकडे ऊन कमी, म्हणून आम्ल फुकट. इकडे विसाव्या अक्षांशावर ऊन उदंड, साखर झपाट्यानं भरते आणि आम्ल त्याच वेगानं गळतं. तिकडे राँसच्या खाली चुनखडीत खोदलेली मैलोगणती भुयारं, बाराही महिने दहा-बारा अंश. इकडे काळी माती, मुरूम, बसाल्टचा कातळ आणि एप्रिलमध्ये चाळिशीला टेकलेला पारा. शॅम्पेनमध्ये बाटलीनं किमान पंधरा महिने झोपायचं असतं. नाशिकमध्ये त्या झोपेचं वीजबिल येतं. शॅम्पेननं आपल्या गरिबीचं वैभव केलं. नाशिकला आपलं वैभव, ते ऊन, ती गोडी, जाणूनबुजून नाकारून ही वाइन करावी लागते. म्हणून मला इथल्या चांगल्या ब्रूटचं जास्त कौतुक वाटतं. हाताशी असलेलं सोडून दिल्याचा ताण तिच्यात जाणवतो.

मदतीला दोन गोष्टी आहेत. एक, नाशिकची थंडी. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर गेल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. थॉम्पसनवाले त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, कारण मणी तडकतात. पण शेनिनच्या आम्लाला याच रात्री सांभाळतात. दोन, स्वतः शेनँ ब्लां. शॅम्पेनची लाडकी त्रयी म्हणजे पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने. पिनोला ऊन सोसत नाही. शेनँ हे फ्रान्समधल्याच ल्वार खोऱ्याचं, दक्षिण आफ्रिकेतही रुळलेलं द्राक्ष. उन्हातही आंबटपणा धरून ठेवणारं. शांदोंनंही दिंडोरीत त्यालाच हाताशी घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं स्थळ सोडून कामाला वाघ असलेली सून आणावी, तसं.

बाटली फोडली ती तोडणीच्याच दिवशी संध्याकाळी, मामांच्या ओसरीवर. त्यांचा माल जिथं जातो तिथली ब्रूट, दोन वर्षांपूर्वीच्या तोडणीची. नाव लिहीत नाही. जाहिरातही नको आणि पुढे जे खटकलं ते सांगायचं आहे.

बूच उडवायचं नसतं. ते सिनेमात आणि क्रिकेटमध्ये. बाटली कलती धरून बूच घट्ट पकडायचं आणि बाटली फिरवायची. सुस्कारा ऐकू आला पाहिजे. मामांनी ग्लास नुकतेच सुती पंच्यानं पुसले होते आणि हे नकळत फार बरं झालं. वाइनमध्ये बुडबुडा आपोआप जन्मत नाही. त्याला ग्लासच्या आतल्या बाजूला चिकटलेला एखादा सूक्ष्म तंतू लागतो. त्यात अडकलेल्या हवेभोवती वायू गोळा होतो, फुगतो, सुटतो, आणि त्याच जागी पुढचा. राँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी यावर आयुष्य घातलंय. यंत्रात धुवून चकाकलेल्या ग्लासात वाइन मुकी राहते. आमच्या पंच्याच्या धाग्यांनी प्रत्येक ग्लासात तीन-चार बारीक सरी लावल्या, तळापासून वरपर्यंत अखंड. पाण्यावरचा बुडबुडा म्हणून आपण ज्याला क्षणभंगुर म्हणतो, तो इथं एकामागून एक असा येतो की तुटल्याचं कळतच नाही.

रंग फिकट, पिकल्या लिंबाच्या सालीचा, किंचित हिरवट झाक. वास आधी आला तो कैरीचा. तिखटमीठ न लावलेली, नुकती चिरलेली फोड. त्यामागे कच्चा पेरू, मग थोडं थांबल्यावर, आणि याचीच मी वाट बघत होते, पावभट्टीचा. पहाटे चारला नाशिकच्या भद्रकालीतून जाताना बेकरीच्या दारातून येतो तो. हा वास द्राक्षाचा नाही, मेलेल्या यीस्टचा. बाटलीत महिनोन्‌महिने पडून राहिलेला गाळ हळूहळू विरघळतो आणि वाइनला हा भाजका, सायीसारखा भरीवपणा देतो. गाळ काढण्यासाठी विधवेनं एवढा खटाटोप केला, पण गाळ तिथं इतके दिवस ठेवला म्हणूनच काढण्यात अर्थ आहे.

पहिला घोट तोंडात घेतला आणि सकाळचा मणी ओळखू आला. तीच धार, पण आता तिला म्यान होतं. आम्ल जिभेच्या कडांवरून धावतं, बुडबुडे ते उचलून टाळूला लावतात, आणि मधोमध एक हलकी मऊ जागा राहते जिथं साखरेचा तो छोटा डोस बसलेला असतो. गोड लागत नाही. कोकम सारात गूळ घालतात ना, गोड करण्यासाठी नव्हे तर आंबटाला टेकायला जागा हवी म्हणून, तसं. ज्याला हे प्रमाण साधलं त्यानं अर्धी लढाई जिंकली.

खटकलं ते शेवटाला. घोट गिळल्यावर चव फार लवकर विझते. उत्तम शॅम्पेनमध्ये ती बराच वेळ रेंगाळते. खारट, खडूसारखी, बोलणं थांबवणारी. इथं ती दोन क्षण थांबते आणि पेरूच्या सालीचा कडवटपणा मागे ठेवून जाते. ग्लास थोडा कोमट झाला की तो कडवटपणा पुढे सरकतो. माझ्या मते उणीव द्राक्षाची नाही, वेळेची आहे. गाळावर आणखी वर्षभर झोपू दिली असती तर भट्टीचा वास नुसता वास न राहता चव झाला असता. पण झोप महाग आहे, आणि बाजाराला डिसेंबरच्या आत माल हवा असतो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आंबट आहे." थोड्या वेळानं, "पण आपलीच आहे."

दर काय मिळतो, हे मी विचारलं नाही; त्यांनीच विषय काढला. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनऱ्यांचा उठाव थांबला तेव्हा नाशिक जिल्ह्यात किती शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं उपटून पुन्हा थॉम्पसन लावलं, हे त्यांच्या पिढीला पाठ आहे. शॅम्पेनची चकचकीत पुस्तकं वाचताना मला नेहमी १९११ आठवतं. पेढ्या बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेनच्या नावानं विकत होत्या, कीड आणि गारपिटीनं पिकं गेली होती, आणि तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये आयी गावात पेढ्यांची कोठारं पेटली, वाइन गटारातून वाहिली, सैन्य आणावं लागलं. शॅम्पेन कुठली आणि कुठली नाही, हे कायद्यात काटेकोर लिहिलं गेलं ते त्या धगीतून, १९२७ मध्ये. शरद जोशींच्या १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या जिल्ह्याला ही दंगल फ्रेंचमधून समजावून सांगायची गरज नाही. मामा तेव्हा विशीत होते.

खायला काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. मिसळ नको. नाशिकच्या माणसानं हे लिहिणं म्हणजे गावाबाहेर घर बांधायची तयारी, पण बुडबुडे तिखटाला हवा देतात. तर्री आणि ब्रूट एकत्र घेतली तर जीभ बधिर होते आणि दोघांची चव जाते. तळलेलं, खारट, कमी तिखट हवं. मामींनी साबुदाण्याचे वडे तळले होते, बाहेरून कुरकुरीत आणि आतून चिकट, शेंगदाण्याच्या कुटाचे. तुपकट, पिठूळ घास तोंडात असताना वरून ब्रूटचा घोट आला की टाळू धुऊन निघते आणि पुढच्या वड्याला जागा होते. कोंडाजीचा चिवडाही चालेल, लसूण वेचून बाजूला ठेवायची तयारी असेल तर. मामांच्या चुलत्यांनी ओसरीवर डोकावून "उपासाच्या वड्यांबरोबर?" एवढंच विचारलं आणि दोन वडे घेऊन गेले.

बाटली संपली तेव्हा अंगणात क्रेट रचले जात होते, उद्याच्या तोडणीचे. थॉम्पसनला अजून महिना होता. मामांनी तळाशी राहिलेला घोट ग्लासात फिरवला, उजेडाकडे धरला, आणि बुडबुडे कुठून निघतात ते पाहत राहिले. मग बोट घालून तो पंच्याचा धागा काढायचा प्रयत्न केला.

दुसरी एक बाटली मी घरी आणली आहे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये भुयार कुठून आणणार. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ती आडवी पडली आहे, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपर्यंत राहिली तर.